तुम्ही बाहेर व्हा

आमच्या घरात बाळंतिणीला पाणी देत नसत. पहिले पाच दिवस तर नाहीच, नंतर सकाळ-संध्याकाळ अर्धा पेला, तोही शेपा घालून उकळलेला. पाण्यानं पोट सुटतं, दूध पातळ होतं, अंगात वारा भरतो, अशी तीन कारणं होती आणि ती आमच्या फुईला तोंडपाठ होती. फुई म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लहानपणी विधवा झाली आणि भावाच्या घरी येऊन राहिली, असं लोक सांगायचे. मी पाहिलं ते एवढंच की घर तिचं होतं आणि आम्ही सगळे तिच्याकडे राहत होतो. ‘बाळतीनले पानी म्हनजे जहर शे,’ असं ती म्हणायची आणि माझी आई मान डोलवायची. बाळंतिणीची खोली धान्याच्या कोठीला लागून होती. खिडकी एकच, तीही चिंध्या कोंबून बंद केलेली. खाटेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि शेपा टाकून केलेली धुरी. बाळंतिणीच्या कानात कापूस, डोक्याला फडकं, अंगावर घोंगडी. खायला डिंकाचे लाडू, सुंठ, भाजलेलं खोबरं, लसणाची चटणी, म्हणजे जे जे खाल्ल्यावर माणसाला तहान लागते ते सगळं. आणि दहा दिवस विटाळ. सुईण सोडून तिला कुणी शिवायचं नाही. जेवणाची ताटली उंबऱ्यावरून आत सरकवायची. चुकून हात लागला तर अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ.

हे सगळं आता लिहिते आहे, कारण आई मागच्या हिवाळ्यात गेली. ती असताना लिहिलं असतं तर तिला वाचता आलं नसतं, पण गावातल्या कुणीतरी हौसेनं वाचून दाखवलं असतं. मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून शिकाऊ मुली वह्या घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना कुठल्याशा प्रकल्पात चार ज्येष्ठ परिचारिकांच्या मुलाखती घ्यायच्या असतात. ‘मॅडम, तुम्ही या क्षेत्राकडे का वळलात?’ हा पहिला प्रश्न. मी ‘सेवेची आवड’ असं सांगते आणि त्या लिहून घेतात. मला सेवेची आवड कधी नव्हती. आजारी माणसाची मला किळस यायची, अजूनही कधीकधी येते. मी वळले त्याचं कारण दुसरं होतं आणि ते मुलींच्या वहीत मावणारं नव्हतं.

माझी थोरली बहीण तारा. तिला मी अक्का म्हणायचे; भाऊ आम्हा दोघींच्या पाठचे, तेव्हा लहान. ती दोंडाईच्याला दिलेली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून. घराच्या ओट्यावर बसलं की चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रकांचा आवाज दिवसभर कानात घुमायचा. मी बारावीला होते, धुळ्याला एसटीनं जाऊन-येऊन कॉलेज करायचे, आणि उरलेल्या वेळात ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली पुस्तकं वाचायचे. त्या कपाटातलं एकही पुस्तक मी सोडलं नव्हतं, शेतीवरचीसुद्धा. अक्काला मुलगी झाली. बाळंतपण घरीच झालं, सुईण गावातलीच, तिला सगळे गंगूमाय म्हणायचे. गंगूमाय रोज सकाळी येऊन अक्काचं अंग तेलानं चोळायची. चौथ्या का पाचव्या दिवशी ती बाहेर आली ती हसतच.

‘शेक मस्त लागना शे व! आंग देखा कसं तपनं शे.’

फुईची कळी खुलली. तिनं गंगूमायला चहा दिला, वर गुळाचा खडा दिला. अंग तापलेलं आहे म्हणजे शेगडी नीट काम करते आहे, बाळंतिणीची बडदास्त चांगली आहे, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी फुईनं शेगडीत चार गोवऱ्या जास्तीच्या टाकल्या. अक्काला ताप आला होता. चार बायका घरात होत्या, त्यातली एक तर रोज तिचं अंग चोळत होती, आणि त्या तापाचं सगळ्यांना कौतुक वाटत होतं. मला पुढे तीस-पस्तीस वर्षांत वॉर्डात पुष्कळ चुका पाहायला मिळाल्या, काही माझ्या हातूनही झाल्या. पण ताप आला म्हणून सुईणीला गुळाचा खडा देणारं घर मला दुसरं दिसलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मला उंबऱ्यावर बसवलं होतं. काम एवढंच, की बाळ रडलं तर हाक मारायची आणि मांजर आत जाऊ द्यायची नाही. मी पुस्तक घेऊन बसले होते. आतून अक्का म्हणाली, ‘मालू, एक घोट पानी दे व माय. मी कोनले सांगाव नही.’

रांजण माझ्यापासून सहा पावलांवर होता. मी पुस्तकात बोट ठेवलं, उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आई कळण्याच्या भाकरी थापत होती. मी म्हटलं, ‘अक्का पानी मांगी राहिनी.’

‘दिनबुडता देसू,’ आई म्हणाली. ‘आते नही.’

मी परत आले आणि अक्काला सांगितलं, दिवस मावळला की देणार आहेत. ती ‘बरं’ म्हणाली. मी पुस्तक उघडलं. फुईवर मी आयुष्यभर दात ओठ खाल्ले, आईशी वैर धरलं, पण त्या दुपारी पुस्तकातली पुढची दहा-बारा पानं मी वाचली होती आणि ती मला समजलीही होती. रांजणाकडे जायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी हुशार मुलगी होते आणि हुशार मुलीसारखी विचारायला गेले.

आठव्या दिवशी अक्का हुडहुडीनं खाटेसकट हलायला लागली आणि असंबद्ध बोलायला लागली. फुईनं आधी लिंबू उतरवून टाकलं. मग आबा हायवेवर जाऊन उभे राहिले आणि एक जीप घेऊन आले. धुळ्यातल्या ज्या दवाखान्यात आम्ही गेलो त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथं एक सिस्टर होती. चाळिशीची, जाड भिंगाचा चष्मा, पायात पुरुषी चपला. प्रेमळ वगैरे मुळीच नव्हती. तिनं अक्काच्या कपाळावर हात ठेवला, पोटावर ठेवला, चादर वर करून पाहिलं, आणि आमच्याकडे वळली.

‘किती दिवस झाले बाळंत होऊन?’

‘आठ,’ आबा म्हणाले.

‘ताप कधीपासून?’

आबांनी फुईकडे पाहिलं.

‘आठ दिवसांत हिला हात लावला का कोणी?’

‘विटाळ असतो ना सिस्टर,’ आबांनी समजावून सांगितलं, एखाद्या परगावच्या माणसाला रस्ता सांगावा तसं.

‘मग विटाळ फिटेपर्यंत थांबायचं होतं. दोनच दिवस राहिले होते.’ असं म्हणून तिनं वाटी-चमचा मागवला आणि अक्काच्या ओठांवर पाणी सोडायला सुरुवात केली. अक्काची जीभ चमच्यापर्यंत आली. फुई पुढे सरसावली.

‘ओ बाई, पानी नका देऊ तिले! वली बाळतीन शे.’

‘तुम्ही कोण?’

‘मी फुई.’

‘फुई, तुम्ही बाहेर व्हा.’

आबांचा चेहरा लाल झाला. गावात पंचायत बसली की आबांनी बोलायचं आणि इतरांनी ऐकायचं, असा रिवाज होता. ‘सिस्टर, जरा नीट बोला. वडीलधारं माणूस आहे,’ ते म्हणाले.

‘तुम्ही बाप ना? तुम्ही पण बाहेर व्हा. ही पोरगी राहू द्या.’

आणि आबा बाहेर गेले. मी ते डोळ्यांनी पाहिलं. टोपी हातात घेतली आणि गेले. फुई गेली, आई तिच्यामागे गेली. त्या घरातल्या तीन माणसांना एका बाईनं, आवाजसुद्धा न चढवता, दाराबाहेर काढलं आणि ते दार लोटून घेतलं. माझी बहीण समोर मरत होती आणि माझ्या अंगावर आनंदानं काटा आला होता. हे लिहायला मला सोपं जात नाही. पण माझ्या नर्सिंगचं कारण विचाराल तर ते हे आहे. मला ते वाक्य म्हणायचा अधिकार हवा होता.

अक्का दोन दिवसांनी गेली. जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता, हे मला पुढे पुस्तकातून कळलं. सिस्टरनं तिचं तोंड पुसलं, केस नीट केले आणि म्हणाली, ‘लवकर न्या, खाट लागणार आहे.’ मला त्याचा राग आला नाही.

तेराव्याला दोंडाईच्याची माणसं आली. जेवणं झाल्यावर त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विषय काढला. पोरीला आई पाहिजे, मावशीइतकी माया कोण करणार, घरातलं माणूस घरात राहतं. आमच्याकडे ही पद्धत होती. थोरली गेली की धाकटी द्यायची, जसं काही खोगीर तेच ठेवून घोडी बदलायची. अक्काचा नवरा, माझे दाजी, सज्जन माणूस. मिरचीच्या आडतीवर नोकरी, मान खाली, आवाज बारीक. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘माझी काही हरकत नाही.’ खिडकी उघडू का, असं कुणी गाडीत विचारावं आणि त्यावर म्हणावं, तसं. मला कुणी विचारलंच नाही. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न उरकलं की करायचं असं ठरलं. तोपर्यंत बाळ आमच्याकडे. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं तिच्या तोंडात पिळायचं काम आईकडे आलं. आई ते मान खाली घालून करायची, आणि मी समोर बसून आईकडे बघत राहायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावभर झोके बांधले, सासुरवाशिणी माहेरी आल्या, गाणी झाली. आमच्या लिंबाला दोर बांधला नाही. त्या दिवशीही मी आईकडे बघत होते. बारावीचा अभ्यास करायचे आणि डोकं वर केलं की तिच्याकडे बघायचे.

निकाल लागला. गुणपत्रिका आणायला धुळ्याला गेले तशी त्या दवाखान्यात गेले. सिस्टर व्हरांड्यात डबा खात होती. तिला मी आठवत नव्हते. आठवण करून दिली तर म्हणाली, ‘हां, ती शेगडीवाली.’ मी विचारलं, तुमच्यासारखं व्हायला काय करावं लागतं.

‘का व्हायचंय?’

‘तुम्ही आमच्या आबांना बाहेर काढलंत, म्हणून.’

तिनं घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘एवढ्यासाठी साडेतीन वर्षं घालवणार? अगं, डॉक्टर आला की बाहेर आपणच होतो.’ मग तिनं एका चिठ्ठीवर जळगावच्या नर्सिंग स्कूलचा पत्ता लिहून दिला. ‘मुलाखतीत हे बोलू नको हां. सेवा म्हण. सगळ्या सेवाच म्हणतात.’

फॉर्म पोस्टानं आला. त्यावर एक रकाना होता, पालकाची सही. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी फॉर्म वाचला, नीट घडी घातली आणि मला परत दिला. फाडला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. ‘या घरात सही माझी चालते,’ ते म्हणाले, ‘आणि ती मी देत नाही. परत मागितलीस तर तुळशीच्या लग्नाचीसुद्धा वाट बघणार नाही.’ आतून फुई आलीच.

‘पुस्तकं वाची वाची इन्हं डोकं फिरनं शे. पराया मानसेस्नं हागनंमुतनं काढाले शिकशी? आनि बैननी पोर कोन देखी?’

‘तू देख,’ मी म्हटलं. ‘तिन्ही मायले तूच देखं व्हतं ना.’

फुईला मी पहिल्यांदाच अरे ला कारे केलं होतं. तिनं उचललेला हात तसाच राहिला. आबांनी मला मारलं. एकच थप्पड, पण कान दोन दिवस वाजत होता. एक मात्र फुई बरोबर बोलली होती. मी त्या पोरीला सोडून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत ती आईजवळ राहिली, मग दाजींनी दुसरं लग्न केलं आणि तिला घेऊन गेले. ती माझ्याशी बोलते, दिवाळीला फराळ पाठवते, पण माझ्या घरी मुक्कामाला अजून एकदाही राहिलेली नाही.

पुढचे आठ दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. फॉर्मची मुदत शनिवारी संपत होती. गुरुवारी दुपारी फुई कुणाच्या तरी पापडांना गेली होती, आबा शेतात. आई पाट्यावर ठेचा वाटत होती, बाळ तिच्याजवळ गोधडीवर झोपलेलं. मी नेहमीसारखी भिंतीला टेकून बसले होते. ती एकदम थांबली. हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

‘कागद आन.’

मी आणला. अंगठा कुठं लावायचा असं तिनं विचारलं. मी पालकाच्या सहीचा रकाना दाखवला, वडील किंवा आई असं तिथं छापलेलंच होतं. माझ्या पेनातली शाई मी तिच्या अंगठ्याला चोळली. ठेच्यामुळे तिची बोटं जळत असावीत, पण ती हलली नाही. मी तिचा अंगठा धरून कागदावर दाबला. आणि तेव्हा, अंगठा अजून माझ्या हातात असताना, मी सात महिने तोंडात धरलेलं वाक्य बोलून टाकलं. तू तिला पाणी का दिलं नाहीस?

‘तारा व्हयनी तवय माले बी नही दिन्हं व्हतं,’ ती म्हणाली. ‘तुन्हा टाइमले बी नही. मी जगनू.’

बराच वेळ ती अंगठ्याची शाई पदरानं पुसत बसली. शाई निघत नव्हती. मग माझ्याकडे न बघता बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. ‘जाय तू. दिनभर माले देखत ऱ्हास. माले तुन्हा तोंडकडे देखाई नही राहिनं. जाय. आनि येशी तवय नर्स व्हईसन ये. मन्ही आंडेर व्हईसन नको येऊ.’

नर्स होऊन ये. माझी मुलगी होऊन येऊ नको. माझ्या तोंडाकडे तिला बघवत नव्हतं. म्हणजे मला घराबाहेर जायला मिळालं ते माया म्हणून नव्हे, पोरीचं भलं व्हावं म्हणूनही नव्हे. समोर बसून टक लावणारे दोन डोळे तिला घरातून घालवायचे होते. मला ते कळलं आणि तरी मी कागद घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि वहीत ठेवला.

जळगावच्या मुलाखतीला तीन बायका बसल्या होत्या. मधल्या मेट्रन, पांढऱ्या केसांच्या, सारख्या घड्याळाकडे बघणाऱ्या. माझ्या आधीच्या पाच मुली बाहेर येऊन सांगत होत्या, का यायचंय एवढंच विचारतात, सेवा म्हणायचं. मी आत जाऊन सेवा म्हटलं.

‘हो का?’ मेट्रन म्हणाल्या. त्या फॉर्मवरच्या अंगठ्याकडे बघत होत्या. ‘वडील आहेत ना? मग त्यांची सही का नाही?’

‘ते नाही म्हणाले. त्यांना माझं लग्न करायचंय. बहिणीच्या नवऱ्याशी.’

‘आणि बहीण?’

मी सांगितलं. शेगडी, गूळ, सगळं. रांजण सांगितला नाही. तिघीही ऐकत होत्या. शेजारच्या बाईंनी ‘अरेरे’ म्हटलं. मेट्रननी घड्याळाकडे पाहिलं.

‘म्हणजे तू रागानं आलीस.’

‘हो.’

‘टिकेल का राग?’

‘माहीत नाही.’

‘टिकला तर बरं,’ त्या म्हणाल्या आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. ‘सेवा पहिल्या उन्हाळ्यातच संपते.’

मला घेतलं. आबांनी वर्षभर माझं नाव काढलं नाही आणि मग एकदा छातीत दुखायला लागल्यावर माझ्याच वॉर्डात येऊन पडले. त्यांना काय काय ऐकवायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात त्यांना बेडपॅन दिलं आणि पडदा ओढला. फुईनं मरेपर्यंत मला शिव्या घातल्या. आबांनी त्यांच्या परीनं घातल्या. पण आईनं आमचं बोलणं पाळलं. मी सुट्टीला घरी गेले की ती पदर सावरून खुर्चीवर सरळ बसायची, आणि मी पिशवी उघडायच्या आत रक्तदाब बघायला हात पुढे करायची. गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट विचारायची. मला ‘सिस्टर’ म्हणायची नाही, पण ‘मालू’ही म्हणायची नाही. निघताना ‘बरं’ म्हणायची. माझी आई तशी फार तोंडाळ बाई. सुनांना, नातवंडांना, शेजारणींना, दारात आलेल्या म्हशीला, ती सकाळपासून सगळ्यांना फैलावर घ्यायची. शेवटचे तीन आठवडे ती माझ्याच घरी होती. त्यात कामवाल्या बाईला तिनं रोज झापलं, माझ्या धाकट्या भावाला फोनवर रडवलं. मी तिचं हागणं-मुतणं सगळं काढलं, दिवसातून चार-चार वेळा. तिनं मला एकदाही शिवी दिली नाही.